मॉनिटरची डावी कड

“तोंड बंद ठेवशीन त्या दिवशी डोये उघडे ठेवत जाय, शीला. नाहीतर ते मौन नाही, नुसती झोप होते.”

माझ्या पहिल्या मौनाच्या सोमवारी सासूबाईंनी हे सांगितलं होतं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण सोमवारी पहाटे तुळशीला पाणी घालताना त्यांचा आवाज अजून कानाशी येतो. मग दिवेलागणीपर्यंत मी बोलत नाही. घरात सगळ्यांना याची सवय आहे. सगळे म्हणजे आता हे एकटेच. आमचा सुजय पुण्याला असतो.

ज्या सोमवारी आम्ही सुपेल्याला मॉनिटर बघायला गेलो, त्या सोमवारची ही गोष्ट.

आमच्या वैशाली नगरच्या घरात कॉम्प्युटर एकच, आणि त्यावर हक्क दोघांचा. सकाळची पूजा-पोथी आटोपली की माझं काम सुरू होतं. साडीच्या किनारीची, ब्लाउजच्या गळ्याची नक्षी मी कॉम्प्युटरवर टाक्याटाक्यानं मांडून देते. ती फाइल सुपेल्यात दामिनीच्या कारखान्यात जाते आणि तिथली मशिनं ती कापडावर भरतात. या कामाला पंचिंग म्हणतात. दामिनी म्हणते की माझ्या वेली कुठं जोडल्यात ते कळत नाही. मला मात्र कळतं, कारण जुन्या चौकोनी मॉनिटरवर लांब किनार कधी अख्खी दिसतच नसे. उजवं टोक बघावं तर डावं सरकून जाई. एकदा एका वेलीला एकीकडे पाच पाकळ्यांची फुलं आणि दुसरीकडे सहा पाकळ्यांची झाली होती. दामिनीनं ती तशीच भरली आणि विकलीसुद्धा, पण माझ्या मनातून ते गेलं नाही.

दुपारी मी आडवी झाले की खुर्ची यांची. आयुष्यभर यांनी स्टील प्लँटमध्ये ओव्हरहेड क्रेन चालवली. रिटायर झाल्यावर पहिला उन्हाळा यांनी अंगणात फेऱ्या मारण्यात घालवला. मग सुजयनं यांना एक स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडल आणून दिले आणि ट्रक चालवायचा एक खेळ लावून दिला. कुठल्या कुठल्या परदेशी रस्त्यांवरून हे लाकडाचे ओंडके, दुधाचे टँकर पोचवत फिरायला लागले. चारच्या चहाला हाक मारली तर म्हणायचे, “थांब, माल उतरवून राहिलो.” मला हसू यायचं. पण माणूस पुन्हा पोटभर जेवायला लागला होता, म्हणून मी त्या ट्रकलाही दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं.

दिवाळीनंतर यांचा ट्रक डावीकडे धडकायला लागला.

आधी कधीतरी, मग रोज. कठडा, विजेचा खांब, दुसऱ्याची गाडी, जे काही लागायचं ते डावीकडेच. हे वैतागून स्टिअरिंग सोडून द्यायचे आणि मॉनिटरला बोल लावायचे. मॉनिटर अरुंद आहे, डावा आरसा कापला जातो, दिसतच नाही तर सांभाळायचं काय. मला ते पटलं. माझीही वेल त्याच मॉनिटरवर कापली जात होती. दोघांचं दुखणं एकच निघालं, त्यामुळे नवा मॉनिटर घ्यायचा हे आमच्या घरात भांडणाशिवाय ठरलं. असं फार क्वचित होतं.

कोणता घ्यायचा, यावर मात्र महिना गेला. रविवारी सुजयचा फोन आला की हाच विषय. तो सांगायचा, अल्ट्रावाइड घ्या, चौतीस इंची, थोडा वळलेला. आईला किनार अख्खी दिसेल, अक्षरं आणि टाके बारीक दिसतील, आणि बाबांच्या ट्रकसाठी चित्र झरझर बदलणारा बघा, नाहीतर वळणावर रस्ता फाटल्यासारखा दिसतो. यांचं मन एकोणपन्नास इंचीवर बसलं होतं. दोन मॉनिटर शेजारी शेजारी जोडल्यासारखा तो येतो. तो आमच्या टेबलावर ठेवायचा तर त्याची डावी कड थेट देव्हाऱ्याखाली जात होती. तेव्हा यांनी मला विचारलं, देव्हारा वीतभर सरकवता येईल का.

सासूबाईंनी स्वतःच्या हातानं टांगलेला देव्हारा. इतक्या वर्षांत यांनी त्याला हात लावायची गोष्ट कधी काढली नव्हती. मी लगेच हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. एका खेळासाठी माणूस एवढं का मागतो, एवढंच मनात येऊन गेलं. तिथं थांबून बघायला हवं होतं, पण कुकरची शिट्टी झाली.

त्या रविवारी सुजयनं अजून एक सांगितलं, ते माझ्या लक्षात राहिलं. “आई, नुसते इंच नको पाहू. बरोब्बर मधात बस, मान हलवू नको, अन् दोन्ही कडा एकदमच दिसतात का पाह्य. दिसल्या तर तो आपल्यासाठी. बाबालेबी तसंच बसव.”

सोमवारी सकाळी विक्कीचा फोन आला. सुपेल्यात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. दोन्ही मॉनिटर दुकानात लावून ठेवलेत, पण मोठा उद्या रायपूरच्या गिऱ्हाइकाकडे जाणार, बघायचा तर आजच. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मौनात होते. मी पदर खोचून चप्पल घातली.

हे स्कूटरवर आणि मी मागे. गेटातून निघताना डावीकडचा खांब माझ्या गुडघ्याजवळून गेला. स्कूटरचा डावा आरसा त्याच खांबाला लागून तुटला होता, भाऊबीज झाल्यावर थोड्याच दिवसांत. शेजाऱ्यानं ओटा वाढवल्यानं गेट अरुंद झालं, असं हे म्हणाले होते. यांच्या सांगण्यात सगळंच अरुंद होत चाललं होतं आणि मी दर वेळी मान डोलावत आले होते.

विक्की तिशीतला, बोलका. माझ्या सोमवारांची त्याला माहिती आहे, कारण दामिनीच्या कारखान्याचे कॉम्प्युटरही तोच बघतो. मला नमस्कार करून तो यांना म्हणाला की आज आंटीजी किंमत कमी करायला सांगणार नाहीत, म्हणजे दिवस चांगला आहे. हे हसले.

आधी मी बसले, चौतीस इंचीसमोर. सोबत पेनड्राइव्हवर माझी सगळ्यात लांब किनार आणली होती. विक्कीनं ती उघडली. मी मधोमध बसले, मान हलवली नाही. डावीकडे वेलीचा देठ होता, उजवीकडे शेवटची कळी, आणि मधे माझी सगळी फुलं एका रांगेत होती. मी ती मनात मोजली. सगळी पाच पाकळ्यांची. इतकं बरं वाटलं, काशीला जाऊन आल्यासारखं. मी हातानंच सांगितलं, हा पुरे.

हे ऐकेनात. आधी मोठा बघू म्हणाले. विक्कीनं यांना एकोणपन्नास इंचीसमोर बसवलं. हा मॉनिटर म्हणजे आमच्या दिवाणाएवढा लांब, दोन्ही कडांनी आत वळलेला. बसल्यावर माणूस जणू त्याच्या कुशीत शिरतो. यांचा चेहरा उजळला. क्रेनच्या केबिनला समोर अशीच काच होती, असं ते विक्कीला सांगायला लागले.

विक्की बाजूला उभा राहून म्हणाला, “अंकलजी, लेफ्ट में पीला फोल्डर है ना, उसको खोलिए. ट्रक वाला गेम उसी में है.”

यांनी माऊस हातात घेतला. बाण पडद्याच्या मधे फिरत राहिला.

“कुठं आहे? इकडे तर काहीच नाही.”

मी यांच्या मागे उभी होते. पिवळा फोल्डर डावीकडे होता, माझ्या तळहाताएवढा. त्याच्याखाली अजून चार होते.

विक्कीनं पुन्हा सांगितलं. यांनी मान थोडी वळवली, मग आणखी वळवली, आणि एकदम म्हणाले, हां, हा इथं लपून बसला होता. विक्कीनं खेळ लावला. ट्रक निघाला. गोल चौकात डावीकडून एक लाल बस येत होती. मला ती लांबून दिसत होती, विक्कीला दिसत होती. हे समोर बघत सरळ गेले. बस आदळली.

“हा मॉनिटरबी डावीकडून कापते,” हे म्हणाले.

विक्की हसला. “अंकलजी, इससे चौड़ा तो सिनेमा हॉल में मिलेगा.”

हे हसले नाहीत. मीही नाही. तिथं उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांपुढून एकेक गोष्ट जायला लागली. डावा आरसा, डावा कठडा. रोज यांच्या डाव्या हाताशी ठेवलेला आणि यांच्याकडून सांडलेला पाण्याचा तांब्या. आणि मग यांचं ताट. आमच्याकडे ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढतात आणि उजवीकडे भाजी-आमटी. दिवाळीपासून यांच्या ताटातली चटणी-कोशिंबीर जशीच्या तशी परत येत होती. मी समजले होते की वयानं तिखटाची आवड गेली. मी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

बोलावंसं वाटलं. शब्द अगदी दातांपर्यंत आला होता. पण विक्कीच्या दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर, यांना काय सांगणार होते मी? तुम्हाला अर्धं जग दिसत नाही हो, असं? देवानं त्या दिवशी तोंडाला कुलूप घातलं ते बरंच केलं. हात मोकळे होते.

हे विक्कीशी बोलत असताना काउंटरवरची स्कूटरची किल्ली मी उचलून पर्समध्ये टाकली. चौतीस इंचीवर बोट ठेवून विक्कीला खूण केली, घरी पाठव. मग बाहेर जाऊन मी ई-रिक्षा थांबवली आणि तिच्यात जाऊन बसले, डावीकडे.

हे मागोमाग आले, खिसे चाचपत. किल्ली? मी पर्स दाखवली. आधी यांना वाटलं, मोठा मॉनिटर मागितला म्हणून मी रुसले. मग वाटलं, बसला धडकल्याची चेष्टा करते आहे. रिक्षावाला वळून आमच्याकडे बघत होता, मागे एका ट्रकचा हॉर्न वाजत होता. मी शेजारच्या रिकाम्या जागेवर दोनदा थाप मारली. सुजय लहान असताना अशी थाप मारली की तोही मुकाट बसायचा. हे बसले.

रस्त्यात एका वळणावर डावीकडून एक मोटरसायकल अगदी घासून गेली. मी दचकले. हे दचकले नाहीत. मी दचकले हे मात्र यांना जाणवलं, आणि मग हे माझ्या पलीकडे बराच वेळ बघत राहिले, मान पूर्ण वळवून.

संध्याकाळी दिवा लावला. आरती झाली. सोमवारचा उपास मी भाकरीनं सोडते, जवसाच्या चटणीबरोबर. यांचं ताट नेहमीसारखं वाढलं, डावीकडे चटणी, लिंबू, कोशिंबीर. पाटासमोर ठेवलं आणि हे हात धुऊन येईपर्यंत ताट फिरवून ठेवलं. चटणी उजवीकडे आली, भाजी डावीकडे गेली. सासूबाई असत्या तर हातावर चापट मारली असती त्यांनी.

हे जेवायला बसले. पहिल्या घासालाच चटणीकडे हात गेला. तेल मागितलं. दोनदा चटणी घेतली, कोशिंबीर संपवली. भाजीला मात्र हात लागला नाही.

मौन सुटलं होतं.

“चटणी कशी झाली?” मी विचारलं.

“मस्त. लय दिवसांनी केली,” हे म्हणाले. “दिवाळीपासून तू बंदच केली होती. मले वाटलं बीपीपायी असंन, म्हणून मी बोललो नाही.”

“मी तर रोजच वाढून राहिली.”

यांचा हात ताटावर तसाच थांबला. मी यांचा हात धरून ताट हळूच अर्धं फिरवलं. भाजीची वाटी यांच्या समोरून सरकत उजवीकडे आली. हे तिच्याकडे बघत राहिले, जणू ती जमिनीतून वर आली होती.

देव्हाऱ्यातला दिवा मधेच फुरफुरला, म्हणून मी उठून वात सारली. परत येऊन बसले, तेव्हा हे बोलायला लागले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं आणि हे दिवसभर झोपून होते, ते मला आठवत होतं. पित्त म्हणून मी कोकम सरबत दिलं होतं. तेव्हापासूनच असं होतंय, हे म्हणाले. यांना वाटलं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होत असेल, होईल कधीतरी ऑपरेशन. मग खेळात धडका बसायला लागल्या, आणि मॉनिटरला दोष देणं सोपं होतं.

“अंधार दिसते का तिकडे?” मी विचारलं.

“अंधारबी नाही. धुकंबी नाही. आपल्या पाठीमागं जसं काहीच नसते, तसं. म्हणून तर समजलं नाही. आज विक्कीनं फोल्डर म्हटला तवा ध्यानात आलं. एवढा मोठा मॉनिटर असून कापते, म्हणजे मॉनिटर नाही कापत.”

“मंग कावून नाही सांगितलं?”

यांनी ताटातली भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. “सांगितलं असतं तर सुजयनं त्याच दिवशी स्कूटर बंद केली असती. मंग सकाळी मंदिरात तुले कोण नेणार होतं?”

या बोलण्यावर मला राग यायला हवा होता. डावं काही दिसत नसताना हा माणूस रोज पहाटे मला मागे बसवून महादेवाला नेत होता, आणि तेही माझ्याच व्रतासाठी. मी मागे बसून जप करत होते, डोळे मिटून. सासूबाईंनी डोळ्यांचं सांगितलं होतं, ते फक्त सोमवारचंच नसावं.

राग आला नाही.

मग आम्ही ठरवलं. ठरवलं म्हणजे दिव्यासमोर बोललो, आमच्याकडे त्यालाच ठरवणं म्हणतात. सकाळी सेक्टर नऊमधल्या प्लँटच्या हॉस्पिटलात जायचं. डोळ्याचं आहे की डोक्याचं, ते डॉक्टर सांगतील. डॉक्टर काय म्हणतात ते सुजयला हे स्वतः सांगतील, मी मधे बोलणार नाही. आणि स्कूटर विक्कीच्या दुकानासमोर आहे तिथंच राहील, रिक्षा चौकातून घ्यायची.

“अन् चौकापर्यंत पायी?” हे म्हणाले. “डावीकडून काही आलं तर?”

“डावी बाजू माझी,” मी म्हटलं. “लग्नात सप्तपदी झाल्यावर भटजीनं मले उजवीकडून उठवून तुमच्या डावीकडे बसवलं होतं. विसरले का?”

“तवा मले वाटलं, तुले फोटोत नीट दिसावं म्हणून बसवून राहिले.”

दिवसभरात पहिल्यांदा आम्ही दोघंही हसलो.

झोपण्याआधी विक्कीचा माणूस मॉनिटर घेऊन आला. चौतीस इंची. टेबलावर अगदी नेमका बसला, देव्हाऱ्यापासून हातभर दूर. हे त्याच्यासमोर बसले नाहीत. खुर्ची माझ्याकडे सरकवून म्हणाले, तुझी किनार लाव. मी लावली. यांनी मान सावकाश डावीकडे नेली, देठापासून सुरुवात केली, आणि बोट ठेवून वाचावं तशी सगळी वेल शेवटच्या कळीपर्यंत बघितली.

“अशी मान फिरवत गेलं की दिसते,” हे म्हणाले. “ट्रकचं नंतर पाहू. तुझं काम तर सुरू होऊ दे.”

पहाटे मी नेहमीसारखी उठले. अंघोळ, तुळस, दिवा. पोथीचा अध्याय पूर्ण झाल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही, हा माझा रोजचा नेम. त्या दिवशी अध्याय अर्ध्यावर होता आणि गेटाची कडी वाजली. हे कपडे करून बाहेर उभे होते. मला हाक मारली नव्हती. पोथी मोडायला नको, म्हणून वाट बघत होते. उजवा हात खांबावर ठेवून, एक पाय गेटाबाहेर, एक आत.

मी पोथीत मोरपीस ठेवलं. जपमाळ गोमुखीत घालून हातात घेतली. देवाला मनातच सांगितलं, उरलेला अध्याय संध्याकाळी.

दाराला कुलूप लावून मी यांच्या उजवीकडून आले आणि मागून वळून पलीकडे गेले. डावीकडून एक सायकलवाला दुधाचे कॅन घेऊन येत होता. मी यांच्या कोपराला हात लावला. हे थांबले. सायकल गेली. मग आम्ही चौकाकडे चालायला लागलो.